गाडी एकाच गियरमध्ये अडकलीय? गियरबॉक्स उतरवण्याआधी एवढं बघा

सिग्नल सुटतो, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, आणि गाडी एरवीसारखी उचलतच नाही. कुणीतरी दुसऱ्या-तिसऱ्या गियरवर उठवल्यासारखी रडतखडत निघते. थोडा वेग आला की उलटा प्रकार: इंजिन किंचाळतंय, टॅकोचा (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतायत ते दाखवणाऱ्या मीटरचा) काटा वर चढत चाललाय आणि पुढचा गियर पडायचं नाव नाही. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागलेला. जवळच्या गॅरेजमध्ये गाडी नेली की बोनेट उघडायच्या आतच निकाल लागतो, "साहेब, गियरबॉक्स गेला. खाली उतरवावा लागेल."

कधी कधी ते खरंही असतं. पण ऑटोमॅटिक गाडी एकाच गियरला चिकटून बसते तेव्हा बऱ्याचदा तिला तिच्याच कंप्युटरने मुद्दाम तिथे बसवलेलं असतं. कारण एखादा फ्यूज असतो, ओला झालेला कपलर, म्हणजे वायरींचा जोड, असतो, म्हातारी बॅटरी असते, नाहीतर हाताच्या बोटाएवढा सेन्सर असतो. गियरबॉक्स उघडणं हा तपासाचा शेवटचा टप्पा आहे, पहिला नव्हे. त्याआधी काय काय बघता येतं आणि प्रत्येक गोष्ट काय सांगते, ते या लेखात आहे.

आधी हाताने गियर टाकायच्या गाडीचं उरकून घेऊ

मॅन्युअल गाडीत कंप्युटरचा संबंध नसतो, त्यामुळे तपास सोपा. गियर अडकला आणि निघत नाही म्हटल्यावर पहिला प्रश्न एकच: इंजिन बंद केल्यावर निघतो का?

सपाट जागा बघा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि मग लिव्हर हलवून बघा. बंद इंजिनवर सगळे गियर लोण्यासारखे पडतायत आणि इंजिन चालू केलं की अडतायत, तर गियरबॉक्स बहुधा ठीक आहे. क्लच पूर्ण सुटत नाहीये. पेडल दाबलं तरी इंजिनाची ताकद गियरबॉक्सकडे थोडीथोडी जातेच आहे, आणि त्या दाबाखाली गियर निघत नाही. अशा वेळी क्लचचं ऑइल बघा (कित्येक गाड्यांत ते ब्रेक ऑइलच्या डबीतूनच येतं), पेडलखाली आणि गियरबॉक्सजवळ ओल आहे का बघा. क्लचचा वरचा किंवा खालचा सिलिंडर गळत असतो. केबलवाला क्लच असेल तर केबल ताणली गेलेली असते.

इंजिन बंद असूनही गियर निघत नसेल तर एकाला आत बसवून लिव्हर हलवायला सांगा आणि तुम्ही बोनेटमधून गियरबॉक्सवरच्या आर्मकडे बघा. आत लिव्हर फिरतोय आणि बाहेर आर्म हलतच नाही, तर केबलच्या टोकाचं प्लॅस्टिकचं बुश तुटलंय किंवा केबल निसटलीय. बुश स्वस्त असतं, काम थोडक्यात होतं. आर्म हलतोय, पण गियर तसाच, तर मात्र आतला सिलेक्टर फोर्क, सिंक्रोनायझर किंवा इंटरलॉक यांच्यापैकी काहीतरी बिघडलंय आणि तेव्हा गियरबॉक्स उघडण्यावाचून इलाज नाही.

चढावर लावलेली गाडी गियरमध्ये जाम झाली असेल तर गाडी जरा पुढेमागे हलवली की दात सुटतात. ऑटोमॅटिकमध्ये "पी" (पार्क) मधून लिव्हर निघत नाही तेही अनेकदा याचंच भावंड असतं: आधी हँडब्रेक न ओढता पी टाकला की गाडीचं सगळं वजन आतल्या एका छोट्या खिळीवर येतं. किंवा मग ब्रेकलाइटचा स्विच गेलेला असतो. ब्रेक दाबलाय हे गाडीला कळतच नाही, म्हणून ती लिव्हर सोडत नाही. मागे कुणाला तरी उभं करून ब्रेकचे दिवे लागतात का, एवढं विचारा. दिवे लागत नसतील तर तपास तिथेच संपला.

ऑटोमॅटिक गाडी एका गियरवर का थांबते

नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टर तेलातून गियरबॉक्सकडे पोचवतो, आणि गियर बदलायचं सगळं कामही तेलाच्या दाबावर चालतं. इंजिनाबरोबर फिरणारा एक पंप तेलाला, म्हणजे एटीएफला, दाब देतो. ते तेल व्हॉल्व्ह बॉडी नावाच्या चक्रव्यूहासारख्या ठोकळ्यात जातं. त्यातले छोटे व्हॉल्व्ह ठरवतात की तेल आतल्या अनेक क्लचपैकी कुठल्याकडे जाईल, आणि ज्या क्लचकडे तेल जाईल त्याप्रमाणे गियर पडतो. जुन्या काळी हे व्हॉल्व्ह वेगाप्रमाणे आणि ॲक्सिलरेटरप्रमाणे आपोआप सरकायचे. आता त्यांना सोलेनॉइड सरकवतात. सोलेनॉइड म्हणजे करंट दिला की आतली दांडी हलते अशी गुंडाळी. करंट कधी द्यायचा ते गियरबॉक्सचा कंप्युटर ठरवतो. त्यासाठी तो इंजिनाकडून गियरबॉक्समध्ये किती फेरे येतायत, चाकांकडे किती जातायत, लिव्हर कुठे आहे, तेल किती तापलंय, बॅटरीचा व्होल्टेज किती आहे हे सतत बघत असतो.

यातली एखादी माहिती पटेनाशी झाली की कंप्युटर जोखीम घेत नाही. चुकीच्या क्षणी चुकीचा गियर टाकला तर क्लच जळतील, म्हणून तो सोलेनॉइडचा करंटच तोडतो. यालाच लिंप मोड म्हणतात. आता वीज नाही, पण तेलाचा दाब आहे. त्या अवस्थेत स्प्रिंग आणि तेल मिळून जो गियर लागतो तो कंपनीने गियरबॉक्स आखतानाच ठरवलेला असतो. तो असा निवडतात, की थांबलेली गाडी त्यावर कशीबशी उठावी आणि धावत्या गाडीत वीज गेली तरी इंजिनाला दणका बसू नये. म्हणून तो बहुतेकदा मधला असतो.

कुठला, ते गियरबॉक्सवर अवलंबून. मर्सिडीजचा ७२२.६ हा पाच गियरचा बॉक्स पुण्यात जुळवलेल्या जुन्या सी-क्लास, ई-क्लासमध्येही आला. तो दुसऱ्यावर जाऊन बसतो. त्याची तऱ्हा अशी की चालत्या गाडीत दोष आला तर जो गियर असेल तोच धरून ठेवतो. मग गाडी थांबवून पी टाकायचा, इंजिन बंद करायचं, निदान दहा सेकंद थांबायचं आणि पुन्हा चालू करायचं, की दुसरा गियर आणि रिव्हर्स एवढं मिळतं. अमेरिकेत क्रायस्लरच्या मिनीव्हॅनमधला चार गियरचा बॉक्सही दुसऱ्यावरच अडकतो. जनरल मोटर्सचा ४एल६०-ई तिसऱ्यावर.

हा शेवटचा बॉक्स जरा जवळून बघू, कारण गियर अडकण्यामागचं गणित इतकं उघडं दुसरीकडे क्वचित दिसतं.

दोन सोलेनॉइड, चार गियर

४एल६०-ई हा १९९३ पासून शेव्हरलेच्या पिकअप ट्रकमध्ये आणि मोठ्या एसयूव्हींमध्ये लाखोंनी बसला. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्यापैकी कुणी सेकंडहँड टाहो किंवा सिल्व्हराडो घेतली असेल तर खाली हाच असण्याची शक्यता दांडगी. यात गियर ठरवणारी सोलेनॉइड दोनच: ए आणि बी. दोन्हींना करंट असेल तर पहिला गियर. ए बंद, बी चालू असेल तर दुसरा. दोन्ही बंद, तर तिसरा. ए चालू, बी बंद, तर चौथा.

आता यातला फ्यूज उडाला असं समजा. दोन्ही सोलेनॉइड मेली. कंप्युटर काहीही मागू दे, उत्तर एकच: तिसरा. गाडी तिसऱ्यावर उठते, तिसऱ्यावरच पळते.

फक्त ए ची वायर तुटली तर? कंप्युटर पहिला मागतो, म्हणजे "दोन्ही चालू". ए ऐकत नाही, बी एकटं चालू राहतं, म्हणून पडतो दुसरा. दुसरा मागितला तर दुसराच, कारण तेव्हा ए ची गरजच नसते. तिसरा बरोबर पडतो. चौथा मागितला की ए ला करंट हवा, तो पोचत नाही, म्हणून पुन्हा तिसरा. थोडक्यात गाडीकडे दुसरा आणि तिसरा एवढे दोनच गियर उरतात. हाच खेळ बी मेल्यावर करून बघा: गाडी उठतानाच चौथा पडतो, मग तिसरा, मग पुन्हा चौथा. म्हणजे तिसरा आणि चौथा उरतात. आणि बी चा व्हॉल्व्ह "चालू" अवस्थेतच चिकटून बसला असेल तर पहिला आणि दुसरा एवढेच.

म्हणजे कुठले गियर उरलेत एवढं नीट टिपून ठेवलं तरी निम्मा शोध लागतो, तोही एक स्क्रू न खोलता. दुसऱ्या गियरबॉक्समध्ये तक्ता वेगळा असेल, सोलेनॉइड सहा-सात असतील, पण तर्क हाच. तो तक्ता त्या गाडीच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. चांगला ऑटोमॅटिकवाला फिटर गाडी चालवून आल्याबरोबर तो तक्ता उघडतो. जो उघडत नाही त्याच्याकडे गाडी सोडताना मी दोनदा विचार करीन.

पण कुठला गियर पडलाय हे कळायचं कसं?

टॅको आणि स्पीडोमीटर एकत्र बघून. एका माणसाला शेजारी बसवा आणि मोकळ्या रस्त्यावर एक ठरावीक फेरे धरून वेग टिपायला सांगा. गणित असं: इंजिनाच्या फेऱ्यांना गियरच्या आणि डिफरन्शियलच्या (गियरबॉक्सनंतर चाकांकडे ताकद वाटणाऱ्या भागाच्या) गुणोत्तराने भागलं की चाकाचे फेरे मिळतात, त्याला टायरच्या घेराने गुणलं की वेग.

त्याच सिल्व्हराडोचं उदाहरण घेऊ. टायर २४५/७५ आर १६, म्हणजे घेर साधारण २.४३ मीटर. डिफरन्शियल ३.७३. गियर अनुक्रमे ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. इंजिन २००० फेऱ्यांवर धरलं तर पहिल्यात गाडी ताशी २६ किलोमीटरच्या आसपास जाईल, दुसऱ्यात ४८, तिसऱ्यात ७८ आणि चौथ्यात ११२. टॉर्क कन्व्हर्टर थोडा घसरतो, त्यामुळे प्रत्यक्षात वेग याहून जरा कमी दिसेल. पण ४८ आणि ७८ यांत इतकं अंतर आहे की घोटाळा व्हायला जागा नाही. तुमच्या गाडीची गुणोत्तरं ओनर्स मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात सापडतात.

याच चाचणीत आणखी एक गोष्ट कळते. गियर खरोखर एकच आहे, की बदलतोय पण पकडत नाही? वेग तेवढाच राहून फेरे अचानक वर उसळले तर तो घसरणारा क्लच आहे. अडकणं आणि घसरणं हे दोन वेगळे आजार आहेत, आणि दुसरा जास्त महागात जातो. स्पीडोमीटरचा काटाच शून्यावर पडून राहिला असेल तर आनंद माना: कित्येक गाड्यांत वेग सांगणारा सेन्सर गियरबॉक्सच्या बाहेर जाणाऱ्या शाफ्टवर असतो, तो गेला की कंप्युटरला गाडी हलतेय हेच समजत नाही. मग तो पुढचा गियर टाकणार कशाच्या जोरावर?

स्कॅनर लावताना

त्याआधी बॅटरी. हे सांगून सांगून कंटाळा आला तरी सांगावंच लागतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवायला हवी, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७. अल्टरनेटर अशक्त झाला, बॅटरीचं टर्मिनल ढिलं असलं किंवा इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजली, तर सोलेनॉइडना पुरता करंट मिळत नाही आणि कंप्युटर लिंपमध्ये जातो. गियरबॉक्स बिचारा निर्दोष असतो. साधा मल्टिमीटर लावून हे घरच्या घरी बघता येतं. मग फ्यूजबॉक्सचं झाकण उघडून गियरबॉक्सचे फ्यूज बघा.

आता स्कॅनर, म्हणजे कंप्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो लागतो. ऑनलाइन मिळणारी ब्लूटूथची छोटी डबी बहुतेकदा फक्त इंजिनाच्या कंप्युटरशी बोलते. ती "पी०७००" दाखवते आणि लोक तो कोड गुगलवर टाकून घाबरतात. या कोडचा अर्थ इतकाच, की गियरबॉक्सच्या कंप्युटरने दिवा लावायला सांगितलंय. सोसायटीचा वॉचमन "तिसऱ्या मजल्यावर भांडण चाललंय" एवढं सांगतो. कोण आणि कशावरून, ते वर गेल्याशिवाय कळत नाही. तसंच इथे. गियरबॉक्सच्या कंप्युटरपर्यंत पोचणारा स्कॅनर लावला तरच खरा कोड हाती येतो.

खऱ्या कोडांमध्ये नेहमी भेटणारे काही. पी०७०५ म्हणजे लिव्हर कुठे आहे ते सांगणारा स्विच, ज्याला गॅरेजमध्ये न्यूट्रल स्विच किंवा इनहिबिटर स्विच म्हणतात. तो बिघडला की डॅशबोर्डवरचं अक्षर लिव्हरशी जुळत नाही, कधी गाडी पी मध्ये स्टार्टच होत नाही पण एन मध्ये होते, कधी रिव्हर्सचा दिवा लागत नाही. पी०७१५ म्हणजे आत येणाऱ्या फेऱ्यांचा सेन्सर, पी०७२० म्हणजे बाहेर जाणाऱ्या. पी०७५३ हा सोलेनॉइड ए च्या विजेचा दोष, पी०७५८ बी च्या विजेचा. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. पी०२१८ म्हणजे गियरबॉक्स तापला.

इथे दोन खुणा कामाला येतात. पहिली: सोलेनॉइडचे तीन-चार कोड एकदम आले तर तीन-चार सोलेनॉइड एकाच दिवशी मेली असं समजू नका. सगळ्यांना वीज पुरवणारी वाट एकच असते. ४एल६०-ई मध्ये तर शिफ्ट सोलेनॉइडांचा १२ व्होल्टचा पुरवठा इग्निशनच्या एका फ्यूजमधून येतो आणि कंप्युटर फक्त त्यांची अर्थिंग जोडतो-तोडतो. तो फ्यूज किंवा गियरबॉक्सवरचा मोठा कपलर, यांच्यापैकी काहीतरी.

दुसरी: कोडमध्ये "विजेचा दोष" आणि "कामगिरीचा दोष" असे दोन प्रकार असतात. पी०७५३ विजेचा आहे, म्हणजे वायर, कपलर किंवा गुंडाळी. पी०७५१ हा त्याच सोलेनॉइडचा, पण वीज व्यवस्थित पोचतेय आणि तरीही अपेक्षित गियर पडत नाही असं सांगणारा. तिथे चिकटलेला व्हॉल्व्ह किंवा घाण असते. पी०७३० किंवा पी०७३१ पासून पुढचे कोड म्हणजे आत येणारे आणि बाहेर जाणारे फेरे यांचा मेळ ठरलेल्या गुणोत्तराशी बसत नाही. यात घसरलेल्या क्लचचा संशय घ्यावा लागतो.

कोड पुसण्याआधी फोटो काढून ठेवा. कोडासोबत त्या क्षणीचा वेग, तेलाचं तापमान, व्होल्टेज असा नोंदवलेला तपशील असतो, पुसला की तोही जातो. "स्कॅनर लावून क्लिअर करून दिलं" असं गॅरेजवाला अभिमानाने सांगतो तेव्हा त्याने पुरावा पुसलेला असतो.

तेल, कपलर आणि थोडे मळके हात

डिपस्टिक असेल तर बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन गरम आणि चालू ठेवून, सपाट जागी, पी मध्ये तेल बघतात. होंडासारख्या काही गाड्यांत मात्र इंजिन बंद केल्यावर लगेच. हल्लीच्या कित्येक गाड्यांत डिपस्टिकच नसते. गाडी लिफ्टवर घेऊन, तेल ठरावीक तापमानाला असताना लेव्हलचा बोल्ट खोलावा लागतो. ते रस्त्याकडेच्या गॅरेजचं काम नाही.

नवं एटीएफ बहुतेकदा लाल असतं. जुनं तपकिरी होतं, तेवढ्याने घाबरायचं नाही. काळं आणि जळका वास येणारं असेल तर क्लच जळलेत. दुधट गुलाबी असेल तर रेडिएटरमधला कूलर फुटून त्यात पाणी मिसळलंय. अशी गाडी तिथून पुढे चालवायचीच नाही. आणि कुणी आधी "चालतं हो, सगळी तेलं सारखीच" म्हणत भलतंच एटीएफ भरलं असेल तर तेही विचारून घ्या. सीव्हीटीचं, म्हणजे ठरावीक गियर नसलेल्या ऑटोमॅटिकचं, तेल तर पूर्ण वेगळं असतं.

मग कपलर. जुलैत गुडघाभर पाण्यातून गाडी काढली आणि आठवड्याभरात गियर अडकायला लागले, तर आधी गियरबॉक्सवरचा कपलर सोडवून बघा. आत हिरवट गंज किंवा ओल दिसेल. मर्सिडीजच्या ७२२.६ मध्ये तर पाण्याचीही गरज नसते: कपलरच्या रबरी रिंगा कडक झाल्या की आतलं तेल तिथून झिरपतं आणि वायरींच्या आतून चढत चढत थेट कंप्युटरच्या सॉकेटपर्यंत जातं. कंप्युटर इंजिनाच्या बाजूला वर, गियरबॉक्स खाली, आणि सॉकेटमध्ये एटीएफ. पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. दुरुस्ती म्हणजे नवा कपलर आणि वायरिंगची सफाई.

मल्टिमीटर हातात आहेच तर कपलर सोडवून सोलेनॉइडचं रेझिस्टन्स मोजता येतं. ४एल६०-ई ची शिफ्ट सोलेनॉइड थंड असताना २० ओहमच्या जरा पुढेमागे दाखवतात. दाब ठरवणारी सोलेनॉइड वेगळ्या जातीची, त्यांचा आकडा बराच कमी, साधारण पाच ओहमच्या आसपास. आकडा अमर्याद आला तर गुंडाळी तुटलीय, शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे. हेच माप गियरबॉक्स चांगला तापल्यावर पुन्हा घ्या. सकाळी गाडी ठणठणीत आणि वीस-पंचवीस किलोमीटरनंतर अडकते, अशा तक्रारीत गुंडाळी गरम झाली की तुटते आणि गार झाली की जुळते. थंड गाडीवर मोजून "सोलेनॉइड ओके" असा शेरा मारणारे पुष्कळ भेटतात.

टोयोटाच्या ए३४०ई या चार गियरच्या बॉक्ससाठी मॅन्युअलमध्येच एक सुंदर चाचणी दिलेली आहे. सोलेनॉइडचा कपलर मुद्दाम काढायचा आणि गाडी चालवायची. वीज नसताना लिव्हर एल वर असेल तर पहिला पडला पाहिजे, २ वर असेल तर तिसरा, डी वर असेल तर चौथा. हे तिन्ही बरोबर पडले, तर पंप, क्लच, व्हॉल्व्ह सगळं ठीक आहे, दोष विजेच्या बाजूला आहे. यातला एखादा पडलाच नाही, तर दोष आत आहे. गियरबॉक्स उतरवायचा की नाही, याचं उत्तर एक कपलर काढून मिळतं.

एवढं सगळं करून काही हाती लागलं नाही तर तेलाचं पॅन उघडायचं. तळाच्या लोहचुंबकावर करड्या रंगाची बारीक भुकटी असणं स्वाभाविक आहे, ती झीज आहे. चमकणारे तुकडे किंवा काळ्या पापुद्र्यांचा गाळ दिसला, तर मात्र गॅरेजवाल्याचं पहिलं वाक्य बरोबर होतं.

एएमटी, डीएसजी वगैरे

आपल्याकडे स्वस्त ऑटोमॅटिक म्हणून जी विकली जाते ती बहुतेकदा एएमटी असते. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून ती इथे रुजली. आत साधाच मॅन्युअल गियरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि लिव्हर हलवायचं काम ॲक्चुएटर नावाचं यंत्र करतं. म्हणून इथे वरचं सोलेनॉइड-क्लचचं पुराण निम्मंच लागू पडतं आणि लेखाच्या सुरुवातीचं मॅन्युअलचं निम्मं.

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या एएमटीत ड्रायव्हरचं दार उघडलं की "घुंऽऽ" असा आवाज येतो, तो ॲक्चुएटरचा पंप दाब तयार करत असतो. तो आवाज यायचा बंद झाला तर फ्यूज, रिले किंवा पंप. आवाज सारखा सारखा, मिनिटामिनिटाला येतोय, तर दाब टिकत नाहीये. ॲक्चुएटरच्या तेलाची छोटी डबी वेगळी असते, ती रिकामी आहे का बघा. गाडी एन मधून हलतच नसेल तर पुन्हा तोच ब्रेकलाइट स्विच. आणि क्लच प्लेट संपत आली की एएमटी गियर बदलायला कचरते, कारण क्लच कुठे पकडतो याचा तिचा हिशेब चुकायला लागतो.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या सात गियरच्या ड्राय क्लच डीएसजीची, म्हणजे चाकणमध्ये बनलेल्या पोलो जीटी टीएसआयमधल्या बॉक्सची, गोष्ट निराळी. त्यात दोन क्लच असतात: एकावर पहिला, तिसरा, पाचवा, सातवा, दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. एका बाजूत दोष आला की कंप्युटर तो अर्धा भाग बंद करतो आणि उरलेल्या अर्ध्यावर गाडी चालवतो. म्हणून "पुढे जाते, पण रिव्हर्स पडत नाही" अशी तक्रार आली तर दोष सम गियरांच्या बाजूला शोधायचा. मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि कंप्युटर एकत्र असलेला ठोकळा, हे यातलं सर्वात दुखरं अंग. ते अख्खं बदलायचं तर बिल लाखाच्या पुढे जाऊ शकतं. त्यामुळे कोड आणि तेलाचा दाब बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

सुट्टीच्या दिवशी खंडाळ्याच्या घाटात गाड्यांच्या रांगेत इंच इंच चढताना ड्राय क्लच तापतात आणि गाडी इशारा देऊन हट्टाला पेटते. गाडी बाजूला घ्या, थंड होऊ द्या. थंड झाल्यावर सगळं पूर्ववत झालं आणि पुन्हा सपाटीवर तक्रार आली नाही, तर तो बिघाड नव्हता. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्यापेक्षा ब्रेक दाबून थांबा.

सीव्हीटीत गियरच नसतात, त्यामुळे तिथे "अडकणं" म्हणजे एकच गुणोत्तर धरून राहणं. तपास तोच: व्होल्टेज, कोड, तेल.

तोवर गाडी चालवायची का?

लिंप मोड घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत पोचण्यासाठी दिलेला आहे. थोडं अंतर, कमी फेरे, घाट नको. दुसऱ्या-तिसऱ्यावर उठताना टॉर्क कन्व्हर्टर तेल तापवतो, आणि तापलेलं तेल क्लच खातं. वास आला, घसरायला लागली किंवा तेल दुधट दिसलं, तर थांबायचं.

ओढून न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेडच मागवा. ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत म्हणजे आतले भाग कोरडे फिरतायत. पुढची चाकं चालवणाऱ्या गाडीची पुढची चाकं उचलून नेलं तरी चालतं. "न्यूट्रलमध्ये टाका साहेब, दोरीने ओढतो" याला मात्र ठाम नाही म्हणा.

गॅरेजमध्ये गाडी देताना जॉब कार्डवर "गियर प्रॉब्लेम" असं लिहू देऊ नका. कुठले गियर पडतात, कुठले नाही, किती फेऱ्यांना किती वेग, गरम झाल्यावर की थंड असताना, बंद करून चालू केल्यावर बरी होते का, हे लिहून घ्या. आणि काम झाल्यावर गाडी पहिले काही दिवस जरा धक्के देत गियर बदलेल, कारण बॅटरी काढली किंवा कंप्युटरची जुनी नोंद पुसली की ती क्लचचे हिशेब नव्याने शिकते. एएमटीत नवी क्लच प्लेट टाकली असेल तर मात्र ते शिकणं आपोआप पुरत नाही, स्कॅनरने कॅलिब्रेशन करावं लागतं. ते केलंय का हे गाडी ताब्यात घेण्याआधी विचारा.